वाचकांचे प्रश्न: कॉम्प्युटर सायन्सच्या एम.एस्सी.त दोन वर्षं असतं तरी काय?

निकाल लागायला सुरुवात झाली की या सदराकडे येणारी पत्रं एकाच वळणाची होतात. पदवी झाली, पुढे काय? त्यातली कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दलची काही पत्रं या वेळी एकत्र घेते आहे. मी हा विषय एम.एस्सी.च्या वर्गांना वर्षानुवर्षं शिकवते आहे, त्यामुळे उत्तरं वर्गातल्या अनुभवाची आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

मॅडम, माझं टी.वाय. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स पूर्ण झालं. पुण्यात एम.एस्सी. करायचा विचार आहे. पण सीनियर म्हणतात, तेच विषय परत असतात, नुसतं नावापुढे 'ॲडव्हान्स्ड' लागतं. खरं आहे का? दोन वर्षांत नेमकं काय असतं? (विद्यार्थिनी, सातारा)

सीनियर सांगतात ते काही कॉलेजांच्या बाबतीत खरं आहे, पण पदवीची रचना तशी नाही. आधी रचना बघू.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी चौकट आली. दोन वर्षं, चार सेमिस्टर, प्रत्येक सेमिस्टरला २२ क्रेडिट, एकूण ८८. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास शिकवणं, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास काम. त्या ८८ पैकी ५४ क्रेडिट सक्तीच्या विषयांची, १६ इलेक्टिव्हची, म्हणजे आपण निवडायच्या विषयांची, ४ रिसर्च मेथडॉलॉजीची, ४ प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात, आणि १० रिसर्च प्रोजेक्टची. रिसर्च मेथडॉलॉजी पहिल्या सेमला, ओजेटी दुसऱ्या सेमला, आणि प्रोजेक्ट तिसऱ्यात ४ व चौथ्यात ६ असा विभागलेला. विद्यापीठागणिक विषयांची नावं बदलतील, सांगाडा साधारण हाच.

आता 'ॲडव्हान्स्ड'चा मुद्दा. ऑपरेटिंग सिस्टिमचंच बघ. टी.वाय.ला तू सीपीयू शेड्युलिंगचा, म्हणजे कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवण्याचा, प्रोग्रॅम लिहिला असशील. ॲरेमध्ये चार प्रोसेसचे बर्स्ट टाइम (कामाला लागणारा वेळ) भरायचे, राउंड रॉबिन (पाळीपाळीनं थोडा थोडा वेळ देणं) लावायचं, शेवटी कोणाची पाळी कधी आली त्याचा गँट चार्ट छापायचा. त्यात खरी प्रोसेस कुठेच नसते, आकडे इकडचे तिकडे होतात. एम.एस्सी.त याच विषयाला खऱ्या सिस्टिमला हात लागला पाहिजे. एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेली एक्सव्ही६ नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, कोणालाही मोफत मिळते. सगळा सोर्स कोड एका सेमिस्टरमध्ये वाचून होतो. त्यात स्वतःचा एक सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमनं ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागायची सोय) घालायचा, शेड्युलर बदलायचा, मग सगळं कोसळलं की का कोसळलं ते शोधायचं. ज्या मुलीनं हे एकदा केलं, तिला पुढे लिनक्स सर्व्हरवर काय अडकलं आहे ते बघायला भीती वाटत नाही. डेटाबेसचंही तसंच. बी.एस्सी.ला क्वेरी लिहायची, एम.एस्सी.ला त्या क्वेरीचा प्लॅन कसा निघतो, डेटा झटकन शोधायची बी-प्लस ट्री ही रचना डिस्कवर कशी मांडतात आणि दोन ट्रान्झॅक्शन एकमेकींच्या पायात आल्या तर काय, हे शिकायचं.

म्हणून विषयाच्या नावावर जाऊ नकोस. ज्या कॉलेजात प्रवेश घेणार, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून गेल्या वर्षीच्या प्रॅक्टिकल स्लिप्स मागून घे आणि तुझ्या टी.वाय.च्या स्लिप्सशेजारी ठेव. त्याच असतील तर सीनियरचं म्हणणं त्या कॉलेजापुरतं बरोबर आहे, आणि तू दुसरं कॉलेज बघ.

इलेक्टिव्हबद्दलही सावध राहा. सिलॅबसमध्ये मशीन लर्निंग, क्लाउड, सायबर सिक्युरिटी, इमेज प्रोसेसिंग अशी लांबलचक यादी असते. प्रत्यक्षात कॉलेजकडे दोनच शिक्षक असले, तर सगळ्या वर्गाला एकच इलेक्टिव्ह 'निवडायला' मिळतं. प्रवेशाच्या वेळी विचारायचा प्रश्न हा: गेल्या वर्षी कोणकोणती इलेक्टिव्ह प्रत्यक्ष चालली? उत्तर समाधानकारक नसेल तरी एक वाट आहे. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् या सरकारी पोर्टलवरून करता येतात. मात्र विद्यापीठानं तो कोर्स मान्य केलेला हवा, आणि हे सेमिस्टर सुरू होण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्यायचं, नंतर नाही.

सगळ्यात दुर्लक्षित विषय म्हणजे रिसर्च मेथडॉलॉजी. मुलं तो पाठ करून पास होतात आणि विसरतात. मला मात्र ही ४ क्रेडिट फार मोलाची वाटतात, कारण मूळ शोधनिबंध वाचण्याची सवय इथे लागू शकते. मी सुरुवात एडगर कॉड यांच्या १९७०च्या निबंधापासून करते. रिलेशनल डेटाबेसची कल्पना ज्यात पहिल्यांदा नीट मांडली गेली, तो निबंध अवघ्या ११ पानांचा आहे. तीन वर्षं 'टेबल', 'प्रायमरी की' घोकलेल्या मुलांना त्या कल्पना कोणत्या अडचणीतून जन्मल्या ते तिथे दिसतं. तेव्हाच्या सिस्टिममध्ये डेटाची मांडणी बदलली की त्यावरचे प्रोग्रॅम मोडायचे. ही अडचण समजली की नॉर्मलायझेशन, म्हणजे टेबलं नीट विभागायचे नियम, वेगळं पाठ करावं लागत नाही. प्रवेश होण्याआधीच तो वाच. अर्ध्यावर अडलीस तरी चालेल, पेन्सिलनं खूण करून ठेव.

स.न.वि.वि. मी निफाड तालुक्यातला शेतकरी. थोरली मुलगी नाशिकला एम.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या सेमला कॉलेजला फारसं जायचं नसतं, प्रोजेक्ट असतो म्हणते. आणि प्रोजेक्ट कशावर, तर लासलगावच्या कांद्याच्या भावावर! फी भरून हेच शिकवतात का? कांद्याचा भाव कॉम्प्युटर सांगणार असेल तर आम्हालाही सांगा. (एक पालक)

दादा, तुमच्या पत्राला सगळ्यात सविस्तर उत्तर देते, कारण या प्रोजेक्टमध्ये तुमचाही उपयोग आहे.

आधी हजेरीचं. वर दिलेल्या चौकटीत चौथ्या सेमच्या २२ क्रेडिटपैकी प्रोजेक्टची ६ आहेत. उरलेली १६ विषयांची, म्हणजे तास असायला हवेत. काही विभाग आणि स्वायत्त कॉलेजं रचना फिरवून शेवटचं सेमिस्टर कंपनीतल्या कामासाठी मोकळं ठेवतात, तेही नियमात बसवून. तेव्हा मुलीला रागवायच्या आधी तिच्या सेमिस्टरचं वेळापत्रक आणि क्रेडिटचा तक्ता मागा. एका कागदावर सगळं दिसेल.

आता कांदा. विषय फार चांगला आहे, पण तो कसा केला जातो यावर सगळं अवलंबून आहे. 'कांद्याचा भाव सांगणारं ॲप' असं नाव देऊन, इंटरनेटवरचा तयार कोड उचलून, रंगीत आलेख काढून प्रोजेक्ट पुरा करता येतो. तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानंही शहरात आहेत. मुलं पैसे टाकून घेतात आणि तोंडी परीक्षेत पहिल्या प्रश्नाला गप्प होतात. तसं करायचं नसेल तर मुलीनं प्रश्न लहान करायला हवा. उदाहरणार्थ: बाजार समितीतल्या आवकेचे आकडे धरले, तर पुढच्या सात दिवसांच्या भावाचा अंदाज नुसत्या जुन्या भावांवरून केलेल्या अंदाजापेक्षा किती सुधारतो? याला उत्तर देता येतं. उत्तर 'काहीच सुधारत नाही' असं आलं तरी तो पक्का प्रोजेक्ट आहे, मी तरी पूर्ण मार्क देईन.

आकडे मिळतात. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव असतात. आकडे उतरवून घेतले की मुलं लगेच मोठमोठ्या मॉडेलकडे, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमकडे, धावतात. मी आधी एक साधी गोष्ट करायला लावते. उद्याचा भाव आजच्याइतकाच राहील, असं धरायचं आणि वर्षभराच्या आकड्यांवर ते किती चुकतं ते मोजायचं. या बिनडोक अंदाजाला हरवणं वाटतं त्यापेक्षा फार अवघड असतं. ज्या मॉडेलनं त्याच्याशी तुलनाच केली नाही, त्याच्या ९५ टक्के अचूकतेला मी अर्थ देत नाही.

आणि इथे तुम्ही हवेत. समितीच्या आकड्यांत लाल कांदा आणि उन्हाळ कांदा वेगळे नोंदलेले असतात. शेतीचा गंध नसलेला विद्यार्थी दोन्ही एकत्र करून सरासरी काढतो. मग ज्या आठवड्यांत साठवणीच्या कांदाचाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो आणि नवा लाल कांदा यायला लागतो, तिथे आलेखात विचित्र उडी दिसते. मॉडेल ती उडी 'शिकतं', आणि सगळं पुढचं गणित त्यावर बसतं. चाळीतला माल किती महिने टिकतो, अवकाळीत किती सडतो, लिलाव कोणत्या दिवशी बंद असतात, बंदनंतर पहिल्या दिवशी आवक का फुगते, हे तुम्ही तिला एका संध्याकाळी ओट्यावर बसून सांगू शकाल. ते तिच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्याचंही उत्तर देते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि भाव कोसळले, ते तुम्ही सोसलं आहे. जुन्या भावांवर शिकलेल्या कुठल्याही मॉडेलला तो निर्णय आदल्या दिवशी कळला नसता. मुलीच्या रिपोर्टमध्ये त्या तारखांवर स्वतंत्र प्रकरण असायला हवं: इथे मॉडेल का चुकलं आणि किती चुकलं. परीक्षक म्हणून मी पहिलं तेच पान उघडेन. कांदा कधी विकायचा हे ठरवायला तिचा प्रोजेक्ट तुम्ही वापरू नका. पण तिनं तो मन लावून केला, तर आकडे कुठे विश्वासाचे आणि कुठे नाहीत हे ती ओळखू शकेल, आणि नोकरी देणारे याच गोष्टीचे पैसे देतात.

एक वर्ष करून सोडलं तर हाती काही लागतं का? घरची परिस्थिती बघता दुसरं वर्ष जमेल असं वाटत नाही. (विद्यार्थी, अकोला)

लागतं. पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट पूर्ण केलीस की पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. तुझी क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्रेडिटच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात, तेव्हा पुढे परत येऊन उरलेलं पूर्ण करायची सोय आहे. त्यासाठी तुझं खातं उघडलेलं आहे आणि दोन्ही सेमची क्रेडिट त्यात दिसताहेत, एवढं कॉलेज सोडायच्या आधी तपास. पण बाळा, शक्य असेल तर शिष्यवृत्तीची चौकशी केल्याशिवाय निर्णय घेऊ नकोस. वर सांगितलेली प्रोजेक्टची सगळी १० क्रेडिट दुसऱ्या वर्षात आहेत.

मी बी.ई. आयटी, तीन वर्षं हिंजवडीत नोकरी करतो आहे. गेट देऊन आयआयटी मुंबईत एम.टेक. करावं असं वाटतं. तिथे टीए आणि आरए असे दोन प्रकार ऐकले. एकात दोन वर्षं, दुसऱ्यात तीन. मग तीन वर्षांचा कोण घेईल? (वाचक, पुणे)

एम.टेक.ची घडण एम.एस्सी.पेक्षा निराळी आहे. पहिलं वर्ष मुख्यतः कोर्स आणि सेमिनार, दुसरं वर्ष मुख्यतः एकच मोठा प्रोजेक्ट. म्हणजे निम्म्याच्या आसपास पदवी एका मार्गदर्शकाबरोबरच्या कामावर उभी असते. तुम्ही कोणाबरोबर काम करता याला त्यामुळे फार वजन येतं.

टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट. आठवड्याचे साधारण ८ तास विभागाच्या शिकवण्याच्या कामाला द्यायचे: लॅब घेणं, पेपर तपासणं, बी.टेक.च्या मुलांच्या शंका सोडवणं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. गेटमधून आलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये मिळतात. आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट. आठवड्याला साधारण २० तास विभागाच्या कामाला, म्हणून तोच अभ्यास तीन वर्षांत पसरतो. टीएला प्रवेश गेटच्या स्कोअरवर, तर आरएला चाचणी आणि मुलाखतही असते.

तीन वर्षांचा कोण घेईल, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: नोकरी करून आलेले, ज्यांना सिस्टिमचं काम आवडतं असे लोक आवडीनं घेतात, आणि घ्यावा. तीन वर्षांत प्रोजेक्टला लागणारी फुरसत मिळते. दोन वर्षांच्या मुलांना कोर्स, टीएचं काम आणि दुसऱ्या वर्षी प्लेसमेंटची तयारी यात प्रोजेक्टसाठी सलग वेळ काढताना ओढाताण होते. फक्त पैशाचा हिशेब आधी करा. घरकर्जाचा हप्ता चालू असेल तर तीन वर्षं जड जातील.

गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेबद्दल थोडक्यात: तीन तास, ६५ प्रश्न, १०० मार्क, त्यातले १५ जनरल ॲप्टिट्यूडचे. स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा नोकरी सोडून तयारीला बसू नका. नोकरदार मंडळी हमखास मागे पडतात ती थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, डिस्क्रीट मॅथ्स आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनमध्ये, कारण ऑफिसात यांचा रोज संबंध येत नाही. सुरुवात तिथूनच करा. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही सुरू झाला आहे, पण तुमचं लक्ष सिस्टिमवर असेल तर सीएसचाच पेपर द्या.

मला जर्मनीत मास्टर्स करायचं आहे. तिथे १२० क्रेडिट असतात म्हणे, आपल्याकडे ८८. म्हणजे तिथे दीडपट अभ्यास असतो का? आणि तीन वर्षांचं बी.एस्सी. चालतं का? (विद्यार्थिनी, सांगली)

या दोन आकड्यांची तुलना करू नकोस. आपलं क्रेडिट शिक्षकाच्या तासांवर मोजलं जातं. युरोपातलं ईसीटीएस क्रेडिट विद्यार्थ्याच्या एकूण श्रमावर मोजतात, वर्गातले तास अधिक घरचा अभ्यास, आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात. वर्षाला ६०, दोन वर्षांना १२०. त्यात मास्टर थीसिस बहुतेक ठिकाणी ३० क्रेडिटची, म्हणजे शेवटचं अख्खं सेमिस्टर. आपल्याकडच्या १० क्रेडिटच्या प्रोजेक्टशेजारी हे ठेवून बघ. खरा फरक इथे आहे, आणि जायचं असेल तर याच्यासाठी जावं असं मला मनापासून वाटतं.

तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठांना चालते, काहींना नाही. चालते तिथेही तुझ्या पदवीत थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्स आणि गणिताची किती क्रेडिट होती ते तपासतात. बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांत गणित आणि स्टॅटिस्टिक्स केलं असशील, तर ते इथे कामाला येतं. आपल्याकडे मुलं हे विषय उरकून टाकतात. तू त्या सगळ्या विषयांच्या सिलॅबसच्या प्रती विद्यापीठाच्या शिक्क्यासह आत्ताच जमवून ठेव. कॉलेज सुटल्यावर त्यांच्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

खर्चाचं घरी स्पष्ट बोल. बरीच सरकारी विद्यापीठं शिकवणी फी घेत नाहीत, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा हा आकडा आहे, अर्ज करताना नवा बघून घे. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, सक्तीचं आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून कागदपत्रांची सुरुवात तिथून कर.

मी बी.ए. अर्थशास्त्र. बारावीला गणित होतं. मला एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळेल का? (वाचक, सावंतवाडी)

एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी नाही, तिथे कॉम्प्युटरची पदवी किंवा तिच्या जवळची विज्ञान-अभियांत्रिकीची पदवी मागतात. पण एम.सी.ए. तुमच्यासाठी खुलं आहे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं २०२०-२१ पासून ते तीनाचं दोन वर्षांचं केलं, आणि गणित घेतलेल्या इतर शाखांच्या पदवीधरांना ब्रिज कोर्सच्या (राहून गेलेले पायाभूत विषय भरून काढणाऱ्या अभ्यासाच्या) अटीवर प्रवेश मिळतो. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची एम.सी.ए. सीईटी द्यावी लागते. ब्रिज कोर्स कॉलेज कसा घेतं त्याची चौकशी करा, कारण कुठे तो नीट शिकवतात, कुठे नुसती सही होते. प्रवेशाला अजून काही महिने हातात असतील तर सी किंवा पायथनपैकी एक भाषा आणि बारावीच्या गणितातलं लॉजिक व मॅट्रिसेस पुन्हा करून ठेवा. अर्थशास्त्रात इकॉनॉमेट्रिक्स शिकला असाल तर ती वही टाकू नका, मशीन लर्निंगच्या पहिल्याच तासाला त्यातलंच रिग्रेशन येतं.